‘चेक, प्लीज’ आणि पगारातून कापलेले बाराशे रुपये

एका वाचक मुलीचं पत्र आलंय. नाव, गाव, हॉटेल काहीच छापू नका असं तिने दोनदा लिहिलंय, म्हणून ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते.

वय २६, डिचोली तालुक्यातली. चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी माध्यम, पुढे बीए. पाच महिन्यांपूर्वी किनाऱ्याकडच्या एका छोट्या हॉटेलात फ्रंट डेस्कला लागली, संध्याकाळी रेस्टॉरंटचं बिलिंगही तीच बघते. जूनमध्ये एक अमेरिकन आजी-आजोबा जेवण झाल्यावर तिच्याकडे बघून म्हणाले, ‘चेक, प्लीज’. तिने अदबीने सांगितलं, सर, आम्ही चेक घेत नाही, कॅश किंवा कार्ड चालेल. आजोबा हसले, स्टुअर्ड तर पोट धरून हसला, आणि तेव्हापासून किचनपर्यंत सगळे तिला ‘चेकबुक’ म्हणतात. दोन आठवड्यांनी त्याहून वाईट झालं. फोंड्याकडची मसाल्याची बाग बघायला एका पाहुणीने टॅक्सी सांगितली होती, सकाळी धो-धो पाऊस, तिने रूममधून फोन केला की आज आम्ही ‘रेनचेक’ घेतो. हिला वाटलं बाई पाऊस किती आहे ते विचारतेय. ‘येस मॅडम, हेवी रेन’ म्हणून फोन ठेवला. टॅक्सी आली, दीड तास उभी राहिली, पाहुणी खालीच आली नाही. टॅक्सीवाल्याचे १,२०० रुपये मॅनेजरने हिच्या पगारातून कापले आणि सांगितलं, तुला स्टोअरला टाकतो, तिथे बोलावं लागत नाही.

आता तिने मोबाईलवर शोधून ‘चेक’चे ४३ अर्थ वहीत उतरवलेत आणि बसमध्ये पाठ करते. विचारते, १८,००० रुपये भरून स्पोकन इंग्लिशचा सहा महिन्यांचा क्लास लावू का? ‘चेक’ पाठ होईल पण उद्या दुसरा शब्द येईल, किती पाठ करू? की गपचूप स्टोअरला जाऊ? आणि पत्राच्या अगदी शेवटी दोन ओळी: ‘मराठी शाळेत घातलं नसतं तर ही वेळ आली नसती असं मी आईला बोलले. आई काही बोलली नाही. दोन दिवस धड जेवली नाही.’

बाय,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ‘चेक’चं नंतर बघू, आधी आईचं. ते बोलणं तुला टोचतंय, नाहीतर चार पानांच्या पत्रात शेवटी एवढ्याशा अक्षरात लिहून टाकलं नसतंस. आणि मला तिथूनच सुरुवात करायचीय, कारण क्लास लावू का, स्टोअरला जाऊ का, हे तुझे सगळे प्रश्न त्या एकाच समजुतीवर उभे आहेत, की मराठी शाळेत शिकले म्हणून मला ‘चेक’ म्हणजे बिल हे माहीत नव्हतं.

तसं नाहीये गं. जेवणाच्या बिलाला ‘चेक’ म्हणतात ते अमेरिकेत. इंग्लंडमध्ये लोक बिलच मागतात, आणि आपल्याकडे इंग्रजी आलं ते इंग्रजांचं, म्हणून आपल्या सगळ्या पुस्तकांत, सगळ्या शाळांत, मराठी असो इंग्रजी असो, ‘बिल’च शिकवतात. तुझ्या जागी पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलगी असती आणि तिला आधी कोणी अमेरिकन पाहुणा भेटला नसता तर तीही अडखळली असती. उलट अमेरिकेत ‘बिल’ म्हणजे नोट पण होते, वीस डॉलरची नोट ती ‘ट्वेंटी डॉलर बिल’. म्हणजे आपण ज्याला बिल म्हणतो त्याला ते चेक म्हणतात आणि आपण ज्याला नोट म्हणतो त्याला ते बिल म्हणतात! यात तुझ्या शाळेचा काय दोष आणि आईचा काय.

शिवाय तू ऐकलेला अर्थ खोटा नव्हताच. बँकेचा चेक हा चेकच आहे, फक्त त्या टेबलावर, जेवण संपलेलं असताना, तो अर्थ बसत नव्हता. उच्चार दोघांचा अगदी एक. लिहायला गेलं तर आपण बँकेच्या चेकचं स्पेलिंग ‘क्यू-यू-ई’ने संपवतो, १८८१ च्या ज्या कायद्याच्या १३८ कलमाखाली चेक बाउन्सचे खटले चालतात त्या कायद्यातही तेच स्पेलिंग आहे, अमेरिकन मात्र तोही ‘सी-के’नेच लिहितात. पण स्पेलिंग डोळ्याला दिसतं, कानाला नाही, आणि तू तर ऐकत होतीस.

आता माझं थोडं सांगते कारण या गोंधळात माझ्यासारख्यांचा हात आहे असं मला मनापासून वाटतं. मी ३१ वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. चेक – तपासणे. रन – धावणे. फाइन – छान. एका शब्दाला एक अर्थ, परीक्षेत एक मार्क. एकदा सहावीतल्या एका पोराने विचारलं, ‘बाई, पोलिसाने पप्पांना फाइन मारली, मग ती छान कशी?’ वर्ग हसला, मीही हसले आणि ‘तो फाइन वेगळा’ म्हणून पुढे गेले. त्या पूर्ण आठवड्यातला सगळ्यात चांगला प्रश्न त्या पोराने विचारला होता आणि मी तो तिथेच टाकून दिला. तुझ्या वहीतले ४३ अर्थ वाचले तेव्हा तो पोरगा आठवला, कारण तू पण तीच वही भरतेयस, रेघ तीच, फक्त उजवीकडची बाजू लांब झालीय.

आणि ती कितीही लांब केलीस तरी पुरायची नाही. ऑक्सफर्डची जी सगळ्यात मोठी इंग्रजी डिक्शनरी आहे ना, तिच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. नंतर नव्याने काम सुरू झालं तेव्हा ‘रन’ने त्याला मागे टाकलं, क्रियापद म्हणून एकट्या ‘रन’चे ६४५ अर्थ निघाले आणि ते लावायला एका संपादकाला नऊ महिने लागले. ज्या माणसाचं पोटच इंग्रजी शब्दांवर आहे त्याला एका शब्दाला नऊ महिने. तेव्हा असे शब्द कोणी पाठ केलेले नसतात, त्या अमेरिकन आजोबांनीही नाही. गंमत बघ, ‘फोटोसिंथेसिस’सारखा लांबलचक शब्द एकदा कळला की कळला, त्याला एकच काम. त्रास देतात ते हे छोटे छोटे घरगुती शब्द, गेट, सेट, रन, चेक, चार्ज, कारण ते रोज हजार जणांच्या तोंडात असतात आणि प्रत्येक जण त्यांना आपापल्या कामाला जुंपतो. सोपे समजून आपण त्यांच्याकडे कधी नीट बघतच नाही.

आता जरा इंग्रजी बाजूला ठेव आणि आपला ‘लागणे’ घे. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, नजर लागते, दिवे लागतात, निकाल लागतो, लग्न लागतं, विहीर खणताना पाणी लागतं, ताक कडू लागतं, लहान भावाला मोबाईलचा नाद लागतो. बेळगावला जाताना साखळीनंतर चोर्ला घाट लागतो आणि ज्याला गाडी लागते त्याला घाट संपेपर्यंत खिडकीजवळ बसवावं लागतं, या एका वाक्यात तीनदा लागलं, तिन्ही वेगळे, आणि तू वाचताना कुठेच थांबली नाहीस. तुझ्या पत्रात तू स्वतः लिहिलंयस, ‘फ्रंट डेस्कला लागले’. हे तुला कोणी रेघ मारून शिकवलं? तुमच्या घरात कोंकणी चालत असेल तर ‘लागप’ घे, त्याचा पसारा काही कमी नाही. आता एखादी रशियन पाहुणी मराठी शिकतेय आणि तिने तुला विचारलं की ‘लागणे’ म्हणजे काय, तर तू काय सांगशील? सांगूच शकणार नाहीस. तू तिला उलटं विचारशील, कुठे ऐकलंस, पूर्ण वाक्य सांग. भूक की ठेच की निकाल, शेजारचा शब्द कळला की पुढचं आपोआप. म्हणजे जे कसब तुला इंग्रजीत पाहिजे ते तुझ्याकडे लहानपणापासून आहे, फक्त इंग्रजी ऐकताना घाबरून तू ते खाली ठेवतेस.

‘चेक’चंही तेच. तुझी ड्युटीची एक सकाळच घेऊ. चेक्सचा कुर्ता घालून तू निघालीस, कदंबच्या बसमध्ये मध्येच चेकर चढला आणि तुझं तिकीट बघितलं, म्हापशाच्या अलीकडे पोलिसांचं चेकिंग होतं म्हणून बस तुंबली, हॉटेलात पोचलीस तर एक फॅमिली चेक-आउट करत होती आणि दुसरी चेक-इनला उभी, मॅनेजर म्हणाला स्टॉक चेक कर, बँकेत चेक टाकायचा राहिला होता तो कोणाकडे तरी दिला, आणि संध्याकाळी लॉनवर गाणाऱ्या पोरांचं ‘माइक चेक, वन टू’ चालू झालं. दिवसभरात सात-आठ अर्थ होऊन गेले, एकाचाही तुला अडसर झाला नाही. तुला दोन अर्थ माहीत नव्हते. फक्त दोन. आणि ते दोन्ही अमेरिकन निघाले.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते, वाटलं तर चहा घेऊन बस. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये गोव्यात बुद्धिबळाचा वर्ल्ड कप झाला तेव्हा तुझ्याच पट्ट्यात किती गाजावाजा होता. बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की आपण म्हणतो ‘शह’, इंग्रजीत म्हणतात ‘चेक’. हे दोन शब्द मुळात एकच आहेत. फारसीत शाह म्हणजे राजा. तो शब्द खेळाबरोबर आपल्याकडे आला तो ‘शह’ झाला, आणि तोच अरबीतून, लॅटिनमधून, जुन्या फ्रेंचमधून घासत घासत इंग्लंडला पोचला तो ‘चेक’ झाला. ‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’, आणि अमक्यावर मात केली असं आपण म्हणतो ती मात पण तिथलीच. आपल्याकडच्या पोर्तुगीज जाणणाऱ्या जुन्या माणसांना विचार, ते सांगतील की पोर्तुगीजमध्ये बुद्धिबळाला ‘शाद्रेश’ म्हणतात आणि चौकडीच्या कापडालाही ‘शाद्रेश’च, आणि त्या ‘शाद्रेश’चं मूळ आपला ‘चतुरंग’. म्हणजे ज्या शब्दावरून तुला हसले तो शब्द तुझ्या घरातला आहे, शह-काटशह तू लहानपणापासून ऐकतेयस.

हे नुसतं कौतुकासाठी सांगत नाही, याचा तुला उपयोग आहे. पट डोळ्यासमोर आण. राजाला शह बसला की सगळं थांबतं, आता वाट्टेल ती चाल करता येत नाही, आधी त्या शहाचं काहीतरी करावं लागतं. इथून ‘चेक’ म्हणजे अडवणं, आवर घालणं. साखळीला वाळवंटी नदीवर बंधारे आहेत ना, पावसाळा सरला की फळ्या घालून पाणी अडवतात, तसल्या छोट्या बंधाऱ्याला इंग्रजीत ‘चेक डॅम’ म्हणतात, तिथे तपासण्याचा काही संबंध नाही, पाणी अडवायचा आहे. मग अडवून बघणं, म्हणजे तपासणं, पत्रादेवीच्या चेकपोस्टवर ट्रक थांबवतात आणि मग कागद बघतात, दोन्ही अर्थ एकाच दांड्याखाली. मग तपासता यावं म्हणून दिलेली खूण, एक तुकडा तुझ्याकडे, जोडीचा तुकडा माझ्याकडे, दोन्ही जुळले की खरं. विमानतळावर बॅग ‘चेक-इन’ केली की बॅगेला एक टॅग आणि आपल्या हातात त्याच नंबरची चिठ्ठी देतात ना, ते हेच. बँकेचा चेक पण असाच सुरू झाला, अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये खाडाखोड पकडता यावी म्हणून जो स्थळप्रतीचा तुकडा मागे ठेवायचे त्याला ‘चेक’ म्हणत, पुढे नाव पूर्ण कागदालाच पडलं. अमेरिकेत तसलीच हिशोबाची चिठ्ठी टेबलावर येते, तिला ते चेक म्हणतात. आणि राहिला पटाचा चौकडा, तो कापडावर गेला. पणजीला प्रदर्शनात कुणबी साडी बघितली असशील, लाल-पांढऱ्या बारीक चौकड्यांची, जवळून बघ, लाल दोरा पांढऱ्यावरून गेलाय तिथे रंग मध्येच फिका होतो आणि त्यामुळेच चौकडा उठून दिसतो, ते चेक्स. इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याचा हिशोब बाराव्या शतकात १० फूट लांब आणि ५ फूट रुंद टेबलावर, चौकटी आखलेलं कापड पसरून, त्यावर सोंगट्या सरकवून करायचे, ते बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं म्हणून त्या खात्यालाच ‘एक्सचेकर’ नाव पडलं, आणि आपण बँकेच्या चेकचं स्पेलिंग वाकडं लिहितो ते याच ‘एक्सचेकर’च्या वळणाने.

बघ, ४३ अर्थ होते ते चारवर आले: अडवणं, तपासणं, खुणेची चिठ्ठी, चौकडा. तुझ्या वहीतलं कुठलंही वाक्य घे, यातल्या एका घरात बसतंय का बघ, बहुतेक सगळी बसतील. ‘चेक-आउट’ म्हणजे हिशोब मिटवून, सगळं तपासून बाहेर. ‘कीप युवर टेम्पर इन चेक’ म्हणजे रागाला बांध घाल.

आणि रेनचेक? तोही चिठ्ठीच्याच घरातला. १८८० च्या सुमाराला अमेरिकेत बेसबॉलची मॅच पावसाने बंद पडली की प्रेक्षकांना तिकिटाच्या तुकड्यावर दुसऱ्या दिवशीची मॅच बघायला मिळायची, तो तुकडा म्हणजे रेनचेक. मग लोक कुठल्याही गोष्टीला म्हणायला लागले, आज नको, परत कधीतरी, ‘आय विल टेक अ रेनचेक’, मग बाहेर कडक ऊन असलं तरी. तुझ्या पाहुणीच्या बाबतीत नेमका खरोखरचा पाऊस होता म्हणून तू जास्तच फसलीस, कोणीही फसलं असतं, आषाढात गोव्यात सकाळी फोनवर ‘रेन’ ऐकल्यावर माणूस पावसाचाच विचार करणार.

पण बाय, तुझी चूक कुठे झाली तेही स्पष्ट सांगते, कारण नुसतं गोंजारून तुझं काम होणार नाही. रेनचेक माहीत नव्हतं ही चूक नाही. तू फोन ठेवलास तेव्हा त्या बाईला नक्की काय पाहिजे हे तुला कळलं नव्हतं, आणि कळलं नाहीये हे तुला आतून जाणवलं होतं, तू पत्रात लिहिलंयस की ‘थोडं विचित्र वाटलं पण परत विचारायला लाज वाटली’. ती लाज १,२०० रुपयांना पडली. परत विचारलं की आपलं इंग्रजी कच्चं दिसतं, ही जी समजूत आहे ना, ती काढून टाक. मी बघितलंय, मोठमोठ्या हॉटेलांत अनुभवी माणसं सगळ्यात जास्त परत विचारतात, ते त्यांच्या कामातच धरलेलं असतं.

फक्त विचारायची पद्धत वेगळी. शब्दाचा अर्थ विचारू नकोस, काम विचार. ‘व्हॉट इज रेनचेक?’ असं विचारायची गरज नाही, तसं विचारलंस तरी काही बिघडत नाही म्हणा, पण त्याहून बरं, ‘सो, शॅल आय कॅन्सल टुडेज टॅक्सी, मॅडम?’ बाई हो म्हणेल किंवा नाही म्हणेल, दोन्हीकडून तुला उत्तर मिळालं, शब्द न कळताही काम बरोबर झालं. टेबलावर ‘चेक’ ऐकू आलं आणि गोंधळ झाला तर ‘शुअर सर, द बिल?’ एवढं पुरे, हसून विचार. ‘चेंज’ मागितलं तर सुट्टे पैसे की बेडशीट बदलून की बसचं कनेक्शन, हे पाहुण्याच्या हातात बघ, नोट धरलीय की उशी. ‘चार्ज’ म्हणाला तर मोबाईल पुढे केलाय की बिलावर बोट ठेवलंय की आवाज चढवून ‘हू इज इन चार्ज हियर’ विचारतोय. माणूस कुठे उभा आहे, हातात काय आहे, त्या शब्दाच्या पुढे-मागे कुठला शब्द आला, आणि आत्ता त्याला काय संपवायचंय किंवा सुरू करायचंय, एवढं बघितलंस की डिक्शनरीची गरज क्वचितच पडते. फोनवर मात्र हात दिसत नाहीत, म्हणून फोनवर ठरलेलं सगळं नेहमी आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं आणि टॅक्सी, टूर, जेवणाची ऑर्डर असेल तर लगेच व्हॉट्सअॅपवर एक ओळ टाकायची, त्यात तुझंही संरक्षण आहे.

हे फक्त हॉटेलवाल्यांसाठी नाही. फार्मसीत, बँकेत, कॉल सेंटरला, टॅक्सी चालवणाऱ्या कितीतरी पोरांना रोज हेच होतं, मला पत्रं येतात. सगळ्यांना मी हेच सांगते, शब्द सुटला तर सुटू दे, काम सुटू देऊ नका.

वहीचं म्हणशील तर ती फेकू नकोस, फक्त मधली रेघ काढून टाक. ऐकलेलं पूर्ण वाक्य लिही, खाली कोणी म्हटलं, कुठे, आणि मग काय झालं. उदाहरणार्थ: ‘चेक, प्लीज’, अमेरिकन आजोबा, जेवण संपल्यावर, बिल पाहिजे होतं. दिवसाला दोन वाक्यं झाली तरी सीझन संपेपर्यंत तुझ्याकडे असं पुस्तक तयार होईल जे कुठल्याच क्लासमध्ये मिळत नाही. अडलं तर मोबाईलवर केंब्रिज किंवा ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी फुकट बघता येते, त्यात प्रत्येक अर्थाला वाक्य दिलेलं असतं आणि अमेरिकन वापर कुठला, ब्रिटिश कुठला तेही लिहिलेलं असतं. ‘चेक’ आणि ‘रेनचेक’ उघडून बघ, तुझे दोन्ही अर्थ तिथे सापडतील.

क्लासबद्दल. १८,००० रुपये तुझ्या पगाराला जड आहेत हे तू लिहिलं नाहीस तरी कळतं. क्लास वाईटच असं मी म्हणणार नाही, ज्यांना तोंड उघडायलाच भीती वाटते त्यांना रोज तासभर बोलायला भाग पाडणारी जागा मिळते, ते मोलाचं आहे. पण तू रोज आठ तास पाहुण्यांशी बोलतेस, ती जागा तुला पगारासकट मिळालीय. तरी मन मानत नसेल तर पैसे भरायच्या आधी एक दिवस मागे बसून बघ. मुलं बोलतायत की सर बोलतायत? शब्दांच्या याद्या वाटतायत की काउंटरवरचे, फोनवरचे प्रसंग करून घेतायत? याद्या असतील तर उठून ये, याद्या तुझ्याकडे आहेत. आणि पूर्ण सहा महिन्यांचे पैसे एकदम देऊ नकोस, कोणी कितीही डिस्काउंट म्हटलं तरी.

मॅनेजरचं. पगारातून कापलेले पैसे मला पटलेले नाहीत, शिकाऊ माणसाकडून झालेल्या गैरसमजाचा भार हॉटेलने उचलायला पाहिजे होता, आणि टॅक्सी दीड तास उभी असताना एकदाही वरच्या रूमला फोन करायचं कोणालाच सुचलं नाही, ते एकट्या तुझं काम नव्हतं. पण तू आधी पैशांवर जाऊ नकोस. शांत वेळ बघून त्याच्याकडे जा आणि सांग, सर, माझं चुकलं ते मला कळलंय, इथून पुढे प्रत्येक फोन मी परत म्हणून कन्फर्म करणार आहे आणि टॅक्सीचं व्हॉट्सअॅपवर टाकणार आहे, मला दोन महिने द्या, परत असं झालं तर मी स्वतः स्टोअरला जाते. मग शेवटी पैशांचा विषय काढ, निम्मे तरी परत करा म्हणून. हो म्हणेल नाही म्हणेल, पण तू पुढे काय करणार ते ठरवून आलीयस हे त्याला दिसेल, आणि मॅनेजर लोक तेच बघतात. टॅक्सीवाल्यालाही एकदा भेटून बोल, दीड तास पावसात थांबला तो, त्याला पैसे मिळाले पण सॉरी कोणी म्हटलं नसेल.

स्टोअरला जाणं कमीपणाचं नाही. तुला खरंच सामान, हिशोब, शांतता आवडत असेल तर जा, चांगलं काम आहे. पण तुझ्याच पत्रात मध्ये एक पूर्ण पान त्या केरळच्या नवरा-बायकोबद्दल आहे ज्यांची लहान मुलगी रात्री तापली होती आणि तू ड्युटी संपल्यावरही डॉक्टर येईपर्यंत थांबलीस, आणि जाताना त्या पोरीने तुला चित्र काढून दिलं. ते पान लिहिताना तुझं अक्षर बदललंय. जिला माणसं आवडतात तिने भीतीपोटी पोत्यांमध्ये जाऊन बसू नये असं मला वाटतं.

स्टुअर्डला एवढंच सांग की तुला अर्थ माहीत होता तर तेव्हाच कानात सांगायचं होतंस, पुढच्या वेळी सांग. भांडू नकोस. असल्या जागी मला एक गोष्ट नेहमी सुचते, काउंटरच्या आतल्या बाजूला एक कोरा कागद चिकटवायचा आणि ज्याला जो नवीन वापर कळेल तो त्याने लिहायचा. पहिली दोन वाक्यं तूच लिही, चेक आणि रेनचेक, सगळ्यांसमोर. आठवड्यात खाली दुसऱ्यांची अक्षरं दिसायला लागतील, कारण अडकतात सगळेच.

आता आई. माफी माग, पण नुसती ‘सॉरी’ म्हणून उठू नकोस. रात्री भांडी झाली की तिच्याजवळ बस आणि तिला शह आणि चेकचं सांग, तुझ्या शाळेने काही बिघडवलेलं नाही हे तुझ्या तोंडून तिला ऐकू दे. मग तिला ‘लागणे’ची वाक्यं विचार, तू एक, ती एक. ती तुझ्यापेक्षा जास्त सांगेल, शेतातली, चुलीपुढची, तू कधी न ऐकलेली. ती सगळी त्याच वहीत लिही आणि किती झाली ते मला कळव.